फॉर्म म्हणतो ‘मेल गेला’, माणूस म्हणतो ‘आलाच नाही’: ऑटो रिप्लायचं दुखणं पुन्हापुन्हा का उठतं

शनिवारी सकाळी साडेसातला फोन वाजला की मी नाव न बघता ओळखतो. नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या अंगाला एका काकूंचं कृषी पर्यटन केंद्र आहे. चार खोल्या, मागे द्राक्षबाग, थंडीत हुरडा, एरवी पिठलं-भाकरी. गिऱ्हाईक बहुतेक मुंबई-ठाण्याचं, आणि ते सगळं वेबसाइटवरच्या चौकशीच्या फॉर्मातून येतं.

“अरे ऐक ना, ते मेलचं परत बंद पडलंय बघ.”

परत. दीड वर्षात हे वाक्य मी पाच वेळा ऐकलं. तक्रार पाचही वेळा शब्दशः तीच होती आणि कारण पाचही वेळा वेगळं निघालं. सातपूरच्या वर्कशॉपवाल्यापासून येवल्याच्या पैठणीवाल्यापर्यंत ज्यांच्या साइट मी सांभाळतो त्या बहुतेक गिऱ्हाइकांकडे हे कधी ना कधी झालंय. आणि सगळे पहिलं काम तेच करतात, मीही करायचो: फॉर्म चालवणारं प्लगइन, म्हणजे साइटला जोडलेला छोटा प्रोग्राम, काढून दुसरं टाकायचं. त्याने क्वचित बरं वाटतं, पण बिघाड कुठे होता ते कळायची वाट त्यातच बुजते.

आधी विचारा, कुठला मेल?

फॉर्म भरला की दोन मेल सुटतात. एक मालकाला जातो, ‘अमक्याने चौकशी केली’ म्हणून. दुसरा गिऱ्हाइकाला, ‘तुमची चौकशी मिळाली, आम्ही फोन करतो’ असं सांगणारा. ऑटो रिप्लाय म्हणजे हा दुसरा. वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरसाठी कॉन्टॅक्ट फॉर्म ७ नावाचं प्लगइन आहे, त्यात त्यांची नावं ‘मेल’ आणि ‘मेल २’ अशी आहेत, आणि मेल २ ची चौकट सुरुवातीला टिक केलेली नसते. ती टिक विसरल्यामुळे अर्धा दिवस घालवलेला माणूस मी स्वतः आहे.

फोनवरचा माणूस ‘ऑटो रिप्लाय’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात कुठला मेल आहे ते गृहीत धरू नका. मालकाला स्वतःला मेल आला नाही तरी तो म्हणतो ऑटो रिप्लाय बंद आहे. दोन्ही मेलचा उगम एक असला तरी पोचायची ठिकाणं वेगळी, म्हणून अडायच्या जागाही वेगळ्या.

दुसरी गोष्ट त्या हिरव्या चौकटीची. ‘तुमचा संदेश पाठवला आहे, धन्यवाद’ असं फॉर्मखाली दिसलं की लोक निवांत होतात. नाशिकच्या जुन्या सीबीएस बसस्थानकावर कंडक्टरने त्र्यंबकच्या गाडीची घंटी मारली, एवढाच त्याचा अर्थ. पुढे सातपूर आहे, महिरावणी आहे, अंजनेरी आहे. वर्डप्रेसचं मेल पाठवणारं फंक्शन ‘झालं’ म्हणतं ते मेल सर्व्हरच्या हवाली केल्यावर. सर्व्हरने पुढे त्याचं काय केलं, पलीकडच्याने घेतला की परत लावला, घेऊन स्पॅममध्ये टाकला का, यातलं त्याला काहीच ठाऊक नसतं.

म्हणून मी कुठल्याही साइटवर आता दोन गोष्टी आधी बसवतो. एक, फ्लेमिंगो: आलेली प्रत्येक चौकशी साइटच्या डेटाबेसमध्ये ठेवणारं फुकट प्लगइन. कॉन्टॅक्ट फॉर्म ७ स्वतः काहीच साठवत नाही, मेल हरवला की चौकशीही हरवली. दोन, मेल पाठवायचं काम बघणारं फ्लुएंट एसएमटीपी किंवा पोस्ट एसएमटीपी हे प्लगइन, कारण ही दोन्ही मेलचा लॉग, म्हणजे सुटलेल्या-अडलेल्या प्रत्येक मेलची नोंद, ठेवतात. मग फोन आला की पाच मिनिटांत गाडी कुठल्या थांब्याला अडलीय ते कळतं. फ्लेमिंगोत नोंदच नाही, तर फॉर्म आधीच अडकला, मेलचा प्रश्न नाही. नोंद आहे पण लॉगमध्ये दुसरा मेल नाही, तर मेल २ ची टिक बघा, आणि खान्याचं नाव बघा: फॉर्ममधल्या ईमेलच्या खान्याचं नाव कुणीतरी बदललेलं असतं आणि मेल २ च्या ‘टू’मध्ये, म्हणजे कुणाला पाठवायचं त्या जागी, जुनंच राहिलेलं असतं. लॉगमध्ये लाल नोंद असेल तर तिथेच कारण लिहिलेलं असतं, ते वाचा. आणि लॉग हिरवा, म्हणजे मेल सुटलेला, असून माणूस ‘आला नाही’ म्हणत असेल, तर खरी गंमत पुढे आहे.

पेटीवर छाप एकाचा, चलन दुसऱ्याचं

काकूंकडे पहिल्या वेळी लॉग हिरवा होता. साइट आधी दुसऱ्या कुणीतरी केलेली. ऑटो रिप्लायच्या ‘फ्रॉम’मध्ये, म्हणजे पाठवणाऱ्याच्या जागी, काकूंचा जीमेलचा पत्ता घातलेला, आणि मेल सुटत होता होस्टिंगच्या, म्हणजे साइट जिथे ठेवलीय त्या, सर्व्हरवरून. जीमेलचं नाव लावून जीमेलच्याच दारात गेलेला मेल, पण जीमेलने न पाठवलेला.

काकूंना हे सांगायला त्यांच्याच धंद्याचा आधार घेतला. म्हटलं, “काकू, पेटीवर छाप पिंपळगावच्या बागेचा, गाडी सुटली निफाडच्या शेडमधून आणि चलनावर तिसरंच नाव. पलीकडचा माल उतरवून घेईल का?”

“उतरवील की. पण बाजूला ठेवील.”

त्या बाजूला ठेवण्यालाच स्पॅम म्हणतात.

त्याच पेटीवर बाकीचंही समजतं. एसपीएफ म्हणजे आमच्या बागेचा माल कोणकोणत्या गाड्या नेऊ शकतात त्याची यादी. डीकिम म्हणजे पेटीवरचं सील. आणि डीमार्क म्हणजे, छापाशी ना गाडी जुळली ना सील, तर पेटीचं काय करायचं याची बागवाल्याने लावून ठेवलेली पाटी: जाऊ द्या, बाजूला ठेवा, की परत पाठवा. तिन्ही गोष्टी डोमेनच्या (साइटच्या नावाच्या) डीएनएसमध्ये, म्हणजे कुणालाही बघता येणाऱ्या नोंदवहीत, टीएक्सटी रेकॉर्ड नावाच्या ओळी म्हणून लिहायच्या असतात. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने नियम कडक केले. जीमेलला दिवसाला ५,००० वर मेल पाठवणाऱ्याला तिन्ही लागतात, पण एसपीएफ किंवा डीकिम यांपैकी एक तरी प्रत्येकालाच लागतं. दिवसाला चार चौकश्या येणाऱ्या काकूंनाही.

तेव्हा फ्रॉममध्ये कायम स्वतःच्या डोमेनचा पत्ता. तिथे काहीच भरलं नाही तर वर्डप्रेस ‘वर्डप्रेस’ नावाचाच एक पत्ता तुमच्या डोमेनवर जुळवून लावून देतं, आणि त्या नावाची मेलपेटी सहसा कुणी उघडलेलीच नसते.

हीच चूक मालकाच्या मेलमध्ये उलटी होते. रिप्लाय दाबला की थेट गिऱ्हाइकाला जावं, म्हणून लोक फ्रॉममध्ये गिऱ्हाइकाचाच पत्ता टाकतात. हेतू चांगला, जागा चुकीची. याहूने एप्रिल २०१४ मध्येच आपल्या डीमार्कच्या पाटीवर ‘परत पाठवा’ लिहिलं, तेव्हापासून याहूच्या पत्त्याने फॉर्म भरणाऱ्याची चौकशी मालकापर्यंत येतच नाही आणि बाकीच्यांची येते. असं निवडक गळायला लागलं की लोक सर्व्हरला शिव्या घालतात. गिऱ्हाइकाचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये, म्हणजे उत्तर कुठे जावं त्या जागी, घाला, झालं. कॉन्टॅक्ट फॉर्म ७ फ्रॉममधला पत्ता डोमेनचा नसेल तर स्वतःच इशारा दाखवतं, पण तो इशारा वाचायची सवय कुणाला नाही.

सदतीस न उघडलेल्या चौकश्या

दुसऱ्या वेळची गोष्ट मला अजून लागते.

दिवाळीनंतर काकूंच्या भाच्याने डोमेनचा मेल गूगल वर्कस्पेसवर, म्हणजे गूगलच्या धंद्यासाठीच्या मेलसेवेवर, हलवला. एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे या डोमेनचा मेल कुठे पोचवायचा त्या डीएनएसमधल्या ओळी, बदलले, नवा पत्ता फोनवर सुरू झाला, सगळे खूश. तीन आठवड्यांनी फोन: ऑटो रिप्लाय बंद. विचारलं, कुठला मेल? तर गिऱ्हाइकांना ऑटो रिप्लाय जात होता. त्यात लिहिलेलंही होतं की २४ तासांत फोन करतो. फोन मात्र कुणीच करत नव्हतं, कारण काकूंकडे चौकशी पोचत नव्हती.

झालं होतं असं. साइट जुन्याच होस्टिंगवर होती. त्या सर्व्हरला कुणी सांगितलंच नव्हतं की या डोमेनचा मेल आता इथे नाही. स्वतःच्याच डोमेनच्या पत्त्यावर मेल जायचा म्हटल्यावर तो डीएनएसला विचारायलाही गेला नाही, घरातल्या घरात जुन्या मेलपेटीत टाकत बसला. सीपॅनेल या होस्टिंग सांभाळायच्या पडद्यावरच्या वेबमेलमधून ती मेलपेटी उघडली तेव्हा ३७ चौकश्या न वाचलेल्या. त्यातली एक ठाण्याच्या २२ जणांच्या हुरडा पार्टीची, तीनदा आलेली. पहिली “नमस्कार” ने सुरू होणारी, दुसरीत नुसता प्रश्न, तिसरीत एक ओळ: “तुमच्याकडे कुणी आहे की नाही?”

दुरुस्ती एका मिनिटाची होती. सीपॅनेलमध्ये ‘ईमेल राउटिंग’ असतं, तिथे ‘लोकल मेल एक्स्चेंजर’ (मेल इथेच) वरून ‘रिमोट’ (मेल दुसरीकडे) करायचं. मेल दुसरीकडे हलवणाऱ्या प्रत्येकाने एमएक्स बदलल्यावर लगेच हे करावं. गिऱ्हाइकाला मेल जातो आणि आपल्याच डोमेनवर येत नाही, अशी तक्रार असेल तर मी आता दुसरं काही बघतच नाही, आधी इथे जातो.

त्याच हलवाहलवीत आणखी एक घाण झाली होती. गूगलच्या सूचनेप्रमाणे भाच्याने एसपीएफचा नवा रेकॉर्ड टाकला, जुना तसाच ठेवून. दिसायला दोन्ही बरोबर. पण एका डोमेनला एसपीएफचा रेकॉर्ड एकच चालतो. दोन सापडले की तपासणारा दोन्ही सोडून देतो आणि निकाल लावतो ‘पर्मएरर’, म्हणजे रेकॉर्डच चुकलेला. गाड्यांच्या दोन याद्या टांगल्या तर फाटकावरचा माणूस कुठलीच धरत नाही. दोन्ही ओळींतले ‘इन्क्लूड’, म्हणजे कुठल्या सेवेच्या गाड्या चालतील ते, एकाच ओळीत आणले, बाकी सगळ्या गाड्यांसाठीचं शेवटचं ‘ऑल’ एकदाच ठेवलं. या ओळीतून होणाऱ्या डीएनएसच्या विचारपूशीला १० ची मर्यादा आहे हेही ध्यानात ठेवा. प्रत्येक नव्या सेवेचा इन्क्लूड डोळे झाकून जोडत गेलं की एक दिवस ती ओलांडते आणि निकाल पुन्हा तोच पर्मएरर.

हे तपासायला काही विकत घ्यावं लागत नाही. जीमेलमध्ये आलेला ऑटो रिप्लाय संगणकावर उघडा, उजवीकडच्या तीन टिंबांवर ‘शो ओरिजिनल’ आहे. वरच्या तक्त्यात एसपीएफ, डीकिम, डीमार्क यांच्यापुढे पास किंवा फेल लिहिलेलं असतं. एसपीएफ पास आणि डीमार्क फेल असं दिसलं तर गोंधळू नका. एसपीएफ बघतं ते पाकिटावरचा परतीचा पत्ता, आणि तो बऱ्याचदा होस्टिंगवाल्याच्या डोमेनचा असतो. डीमार्क म्हणतं की हे नाव फ्रॉमशी जुळू दे.

तिसरी वेळ, थोडक्यात

दुसऱ्या बिघाडानंतर मी साइटचे सगळे मेल वर्कस्पेसच्या एसएमटीपीवरून सोडायला लावले: पोर्ट ५८७, टीएलएस, आणि १६ अक्षरी ॲप पासवर्ड, म्हणजे फक्त साइटने वापरायचा वेगळा पासवर्ड. टू-स्टेप, म्हणजे दोन टप्प्यांचं लॉगिन, सुरू केल्याशिवाय तो मिळत नाही. मग एका रात्री भाच्याने गूगलचा मुख्य पासवर्ड बदलला. मुख्य पासवर्ड बदलला की सगळे ॲप पासवर्ड रद्द होतात. लॉगमध्ये ५३५ ची, म्हणजे ‘पासवर्ड चालत नाही’ची, लाल रांग लागली होती. नवा ॲप पासवर्ड केला, चिकटवला, पाच मिनिटं. भाच्याला मी काही बोललो नाही, पासवर्ड बदलणं चूक थोडीच आहे.

आपल्या फॉर्मातून दुसऱ्याचं पाप

चौथ्या वेळी काकूंचा आवाज घाबरलेला होता. परदेशातून कुणीतरी इंग्रजीत शिव्या लिहून पाठवल्या होत्या, की तुम्ही मला स्पॅम पाठवता. आणि ऑटो रिप्लाय खरंच बंद होता.

फ्लेमिंगो उघडलं. एका रात्रीत दोन हजारांवर चौकश्या. नावाच्या खान्यात नाव नव्हतं, ‘तुम्हाला बक्षीस लागलंय, इथे दाबा’ अशा अर्थाचं वाक्य आणि एक लिंक. ईमेलच्या खान्यात जगभरातल्या भलत्याच माणसांचे पत्ते. आमचा ऑटो रिप्लाय ‘नमस्कार’ म्हणून पुढे नाव छापायचा आणि खाली ‘तुमचा संदेश’ म्हणून सगळा मजकूर परत द्यायचा. आपोआप फॉर्म भरत सुटणाऱ्या बॉटला याहून काय हवं? आमच्या डोमेनवरून, आमच्या डीकिमच्या सीलसह त्याची जाहिरात दारोदार जात होती. वर्कस्पेसची मर्यादा दिवसाला २,००० मेलची. ती भरली आणि गूगलने पाठवणं थांबवलं. ते २४ तासांपर्यंत थांबू शकतं. सकाळच्या खऱ्या गिऱ्हाइकांचे मेल त्यात अडकले.

वाईट याचं वाटलं की ही चूक माझी होती. संदेश परत छापायची कल्पना माझीच, म्हटलं गिऱ्हाइकाला आठवण राहील काय लिहिलं होतं ते.

आता माझ्या कुठल्याही ऑटो रिप्लायमध्ये गिऱ्हाइकाने लिहिलेला मजकूर परत जात नाही. नावसुद्धा नाही. नावाच्या खान्याला ४० अक्षरांची मर्यादा. फॉर्मला क्लाउडफ्लेअरचं टर्नस्टाइल, म्हणजे माणूस आहे की बॉट ते तपासणारा कॅप्चा, आणि एक हनीपॉट, म्हणजे माणसाला न दिसणारा खाना: तो भरलेला आला की समोर बॉट आहे. नुसत्या कॅप्चावर विसंबू नका. कॅप्चा कधीतरी हरतोच, पण बॉटला परत पाठवायला काही मजकूरच नसेल तर त्याला या दारात रस उरत नाही.

पाचवी वेळ: काहीच बिघडलं नव्हतं

काकू म्हणाल्या, मी स्वतः तीनदा फॉर्म भरून बघितला, पहिल्यांदा आला, नंतर नाही. लॉग हिरवा. शेवटी स्कूटर काढून गेलो. ओसरीवर त्यांचा फोन हातात घेतला, इनबॉक्समध्ये ऑटो रिप्लायची एकच ओळ, आणि तिच्या शेजारी बारीक अक्षरात ३. जीमेलने तिन्ही मेल एका माळेत ओवले होते. पाठवणारा तोच, विषय तोच, आठवड्याच्या आतले, मग ते एकाखाली एक जातात. फोनच्या छोट्या पडद्यावर तो ३ कुणाला दिसणार? काकूंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, बघितलं, आणि म्हणाल्या, “चहा घे आता आलायस तर.”

त्यानंतर विषयात क्रमांक टाकला. फ्लेमिंगो बसवलेलं असेल तर कॉन्टॅक्ट फॉर्म ७ ला प्रत्येक चौकशीचा अनुक्रमांक विषयात लावता येतो. ‘चौकशी क्र. २१४ मिळाली’. माळ तुटली, आणि फोनवर बोलतानाही सोय झाली.

बाकी किरकोळ, पण वारंवार भेटणारं. गिऱ्हाईकच पत्ता चुकवतं: ‘डॉट कॉम’च्या जागी ‘डॉट कॉन’ मी इतक्यांदा पाहिलंय की आता त्या एका चुकीसाठी फॉर्मलाच तंबी घातलीय. परत आलेल्या मेलमध्ये ५५० च्या पुढे ५.१.१ दिसलं तर असा पत्ताच नाही, आणि ५.७.२६ दिसलं तर जीमेलला तुमची ओळख पटलेली नाही, वरच्या पेटीच्या गोष्टीवर या. ४ ने सुरू होणारा आकडा म्हणजे नंतर या, सर्व्हर आपोआप पुन्हा प्रयत्न करतो, तासभर हात लावू नका. सातपूरच्या वर्कशॉपवाल्याचा फॉर्म हाताने लिहिलेल्या पीएचपीचा होता, त्यात मराठी विषयाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं जायची. मजकूर यूटीएफ-८ या मराठी अक्षरं चालणाऱ्या पद्धतीत आहे एवढं सांगून भागत नाही, विषयाची ओळ वेगळी एन्कोड करावी, म्हणजे मेलला चालतील अशा चिन्हांत बदलावी, लागते. वर्डप्रेस ते आपलं आपण करतं.

दर सोमवारी सकाळी मी बाहेरच्या दोन पत्त्यांवरून, एक जीमेल आणि एक रेडिफमेल, काकूंचा फॉर्म भरतो. होस्टिंग हलवलं, डीएनएसला कुणी हात लावला, पासवर्ड बदलला, यातल्या एकाही गोष्टीत साइट बंद पडत नाही, मेल तेवढा गुपचूप मरतो. सोमवारी कळलं तर शनिवारच्या गर्दीआधी चार दिवस हातात असतात.

एक बदल मात्र बिघाड नसताना केला. पहिल्या दुरुस्तीत मी ऑटो रिप्लाय डोमेनवरच्या ‘नो-रिप्लाय’ नावाच्या पत्त्यावरून लावला होता, आणि बरेच दिवस तसाच चालवला. लोक त्यालाच उत्तर लिहायचे, ती उत्तरं कुठेच जायची नाहीत. आता तो काकूंच्या रोजच्या पत्त्यावरून जातो आणि शेवटच्या ओळीत लिहिलंय, ‘काही सांगायचं राहिलं असेल तर याच मेलला उत्तर द्या.’ पहिलं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. काकूंनी मला फोन लावून वाचून दाखवलं: आम्ही सहा जण, दोघं उपासाचे, आणि आजोबांना भाकरी मऊ लागते.